लहान समुद्रातली लाट

नकाशांचे पुस्तक उघडा आणि भूमध्य समुद्र शोधा. त्याच्या पश्चिम टोकाला जिब्राल्टरची सामुद्रधुनी आहे. तिची कमीत कमी रुंदी जेमतेम १४ किलोमीटर. एवढ्या चिंचोळ्या दारातून अटलांटिक महासागरातल्या लाटा आत येऊन फारशा पसरू शकत नाहीत. म्हणजे या समुद्रातली लाट बहुतेक याच समुद्रात जन्मते आणि याच समुद्रात मरते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता स्पेनच्या पूर्व किनाऱ्याने बोट वर सरकवा. बार्सिलोना शहर लागेल. शहराला अगदी चिकटून बार्सेलोनेता नावाची वाळूची पुळण आहे. तिचे तोंड आग्नेयेकडे. १९९२ सालच्या ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्ताने शहराचा हा किनारा नव्याने बांधून काढण्यात आला. उन्हाळ्यात येथले पाणी बहुधा तळ्यासारखे पडून असते. परंतु ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंतच्या दिवसांत पूर्वेचा वारा एक-दोन दिवस घोंगावून गेला, की काळे रबरी पोशाख चढवलेली माणसे बगलेत लांब फळ्या धरून पुळणीकडे धावताना दिसतात. रबरी पोशाख अशासाठी, की हिवाळ्यात हे पाणी १३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. पण ही माणसे धावतात कशासाठी? लाटा काय, उद्याही येतील!

नाही येणार. इथल्या लाटा सकाळी दिसल्या तर संध्याकाळपर्यंत टिकतील याचा नेम नसतो. असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

या खेळाला सर्फिंग म्हणतात. फुटण्याच्या बेतात असलेल्या लाटेच्या उतारावर, फळीवर उभे राहून घसरत जायचे. खेळ मूळचा पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन बेटांचा, आणि त्याची चित्रे आपण पाहतो ती बहुधा हवाईची, घराएवढ्या उंच लाटांची. मला मात्र लाटांचा अभ्यास करायला बार्सेलोनेता अधिक सोयीची वाटते. हवाईला पोहोचणारी लाट हजारो किलोमीटरांवरच्या वादळाची असू शकते. इथे कारण आणि परिणाम दोन्ही एकाच नकाशावर, एकाच दिवसात दिसतात.

वाऱ्याची धाव

वारा पाण्याला घासून जातो आणि आपली थोडी ऊर्जा पाण्याला देतो. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते. वाऱ्याचा वेग किती, तो किती तास वाहिला, आणि मोकळ्या पाण्यावरून त्याला किती अंतर धावायला मिळाले. पहिल्या दोन गोष्टी कुणालाही सुचतात. तिसरी सहसा विसरली जाते. तिला आपण वाऱ्याची धाव म्हणू.

तिसरी गोष्ट का महत्त्वाची? गावातल्या तळ्यावर कितीही सोसाट्याचा वारा सुटला, अगदी दोन दिवस सुटला, तरी तिथे पुरुषभर लाट उठत नाही. लाट मोठी होण्याच्या आतच तळ्याचा काठ येतो.

बार्सिलोनाच्या पूर्वेला सरळ पाहिले तर सुमारे ५०० किलोमीटरांवर सार्डिनिया आणि कॉर्सिका ही बेटे आडवी येतात. दक्षिण-आग्नेयेला २०० किलोमीटरांवर मायोर्का बेट आडवे आहे. तेव्हा वाऱ्याची जास्तीत जास्त धाव मिळते ती पूर्वेकडून. त्या प्रांताच्या कॅटलन भाषेत पूर्वेच्या वाऱ्याला ‘लेव्हान्त’, म्हणजे उगवतीचा वारा, असे नाव आहे. नैर्ऋत्येचा वारा तो ‘गार्बी’. त्याच्याही लाटा येतात, पण त्या आखूड व घाईच्या.

वाऱ्याची धाव कमी असली, की लाटेची उंची तर कमी राहतेच, पण तिच्या दोन माथ्यांमधला वेळही कमी राहतो. या वेळाला आवर्तकाल म्हणतात. बार्सेलोनेतावर उभे राहून मोजले तर लागोपाठच्या दोन माथ्यांमध्ये बहुधा ५ ते ८ सेकंदच जातात. महासागराच्या किनाऱ्यावर, दूरच्या वादळातून आलेल्या लाटांना १२, १४, कधी त्याहून अधिक सेकंद लागतात. डॉक्टर नाडी पाहतात तसा लाटेचा आवर्तकाल पाहावा. ती कुठल्या समुद्रात वाढली हे तो सांगतो.

थोडे गणित

खोल पाण्यातील लाटेसाठी दोन सोपी सूत्रे आहेत. लाटेचा वेग, मीटर दर सेकंदाला, हा आवर्तकालाच्या १.५६ पट असतो. आणि तरंगलांबी, मीटरमध्ये, ही आवर्तकालाच्या वर्गाच्या १.५६ पट.

६ सेकंदांची लाट घ्या. वेग सुमारे ९.४ मीटर दर सेकंदाला, म्हणजे ताशी ३४ किलोमीटर. लांबी ५६ मीटर. आता १४ सेकंदांची लाट. वेग ताशी ७९ किलोमीटर आणि लांबी ३०६ मीटर! आवर्तकाल सव्वादोन पट झाला तर लांबी साडेपाच पटींच्या घरात गेली.

इथे एक गंमत आहे. एक लाट ज्या वेगाने जाते त्याच्या निम्म्याच वेगाने लाटांचा तांडा पुढे जातो. विश्वास बसत नसेल तर संथ तळ्यात नारळाएवढा धोंडा टाका. (लहान खडा नको. त्याने उठणाऱ्या बारीक तरंगांवर पाण्याच्या पृष्ठताणाची सत्ता चालते आणि त्यांचे नियम वेगळे.) पसरत जाणाऱ्या कड्यांच्या पट्ट्याकडे नीट पाहा. पट्ट्याच्या मागच्या बाजूला एक कडे उमटते, पट्ट्यातून पुढे सरकते आणि पुढच्या कडेला जाऊन विरते. त्याची जागा मागचे कडे घेते. ऊर्जा जाते ती तांड्याच्या वेगाने.

म्हणजे ६ सेकंदांच्या लाटांचा तांडा ताशी १७ किलोमीटर चालतो, आणि १४ सेकंदांच्या लाटांचा ताशी ३९ किलोमीटर. आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच काढू शकाल. समजा लेव्हान्त सगळ्या समुद्रावर एकदम पडला. पाचशे किलोमीटरांवरच्या, म्हणजे अगदी पलीकडच्या काठच्या, ६ सेकंदांच्या लाटेला बार्सिलोना गाठायला तीस तास लागतील. तिच्या मागे काहीच नाही. जवळच्या लाटा त्याआधीच येऊन फुटून गेलेल्या असणार. वाटेत पसरत आल्यामुळे ही शेवटची लाटही दुबळीच उरते. वारा फक्त किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात वाहिला असेल, तर सगळा कारभार काही तासांतच आटोपतो. टाकी लहान, म्हणून लवकर रिकामी होते.

महासागराची टाकी मोठी असते. तिथे आणखी एक गोष्ट घडते. ५,००० किलोमीटरांवर वादळ झाले असे समजा. १४ सेकंदांच्या लाटा सुमारे सव्वापाच दिवसांत पोहोचतील, तर १० सेकंदांच्या लाटांना साडेसात दिवस लागतील. वादळात सगळ्या एकत्र जन्मल्या, पण लांबच्या प्रवासात त्या आपोआप निवडल्या गेल्या. सुपात धान्य पाखडावे तशा! किनाऱ्यावर येतात त्या एकसारख्या, ओळीने. १९६३ साली वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडली आणि अंटार्क्टिकाकडच्या वादळांच्या लाटा पॅसिफिक ओलांडून जाताना मोजून दाखवल्या.

पाचशे किलोमीटरांत याच दोन लाटांमध्ये अंतर पडते ते अवघ्या पाच तासांचे. वादळच दीड-दोन दिवस चाललेले असते. पाखडणार कधी? म्हणून भूमध्य समुद्राच्या लाटा मिसळलेल्याच येतात. एक लहान, एक मोठी, एक पूर्वेची, एक आग्नेयेची.

याचा अर्थ हा समुद्र गरीब आहे असा मात्र नव्हे. २०२० च्या जानेवारीत ‘ग्लोरिया’ नावाच्या वादळात व्हॅलेन्सियासमोरच्या मोजणीच्या बोयाने आठ मीटरांहून अधिक उंचीच्या लाटा नोंदवल्या. त्या वादळाने स्पेनचा पूर्व किनारा झोडपून काढला आणि पुळणींची वाळू ओढून नेली.

वारा हवा, आणि नकोही

लाट घडवायला वारा लागतो. पण समुद्राकडून किनाऱ्याकडे जोराचा वारा वाहत असताना लाटेचा उतार खडबडीत होतो आणि माथे वेळेआधीच कोसळतात. फळी घसरवायला उतार गुळगुळीत हवा. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मंद वारा तो करतो. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही ज्याला मतलई वारा म्हणता, तसाच. तो लाटेच्या तोंडावर हात फिरवतो, माथा मागे रेटून धरतो, आणि लाट थोडी उशिरा, थोडी उभी होऊन फुटते. महासागराकाठी ही अडचण कमी. वादळ दूर कुठेतरी, आणि किनाऱ्यावर निवांत हवा. बार्सिलोनात मात्र लाट घडवणारा वारा आणि ती बिघडवणारा वारा एकच. त्यामुळे लेव्हान्त पडल्यानंतरचे आणि टाकी रिकामी होण्याआधीचे जे थोडे तास मिळतात, तेच चांगले. ती धावपळ या तासांसाठी असते.

वाळू ठरवते

लाट उथळ पाण्यात शिरली की तिला तळ जाणवू लागतो. खोली तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी झाली की याला सुरुवात होते. ६ सेकंदांच्या लाटेला ती जाणीव २८ मीटर खोलीवर होते, १४ सेकंदांच्या लाटेला दीडशे मीटरांवरच. तळामुळे लाटेचा वेग घटतो, मागचे पाणी पुढच्याला गाठते, लाट आखूड आणि उंच होते. खोल पाण्यात दोघींची उंची १ मीटर असली, तरी फुटताना ६ सेकंदांची लाट सुमारे सव्वा मीटर भरते आणि १४ सेकंदांची पावणेदोन मीटर. लांब लाटेच्या पोटात अधिक ऊर्जा असते, ती इथे बाहेर दिसते.

लाटेची उंची खोलीच्या पाऊणपटीहून थोडी वाढली, की माथ्याजवळचे पाणी लाटेपेक्षा वेगाने पुढे जाऊ लागते आणि लाट कोसळते. सव्वा मीटर लाट म्हणजे साधारण १.६ मीटर खोलीवर फुटणार. यात भरती-ओहोटीचा हिशेब बार्सिलोनात फारसा करावा लागत नाही. तिथे पाणी चढते-उतरते ते एका वितीच्या आसपास. मुंबईला उधाणाच्या दिवशी ते चार मीटरांहून अधिक हलते आणि लाट फुटण्याची जागा तासातासाला सरकते. बार्सेलोनेतावर ती जागा ठरते तळाच्या वाळूवरून.

ही वाळू सपाट नसते. किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली तिचा लांब उंचवटा तयार होतो. त्याला वाळूचा दांडा म्हणतात. दांडा किनाऱ्याला अगदी समांतर आणि सरळ असेल, तर लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम धाडकन फुटते. फळीवाल्याला तिचा उपयोग नाही. दांडा वाकडा असेल, मधे तुटलेला असेल, तर लाट एका बाजूला आधी फुटते आणि फुटण्याची जागा माथ्यावरून कडेकडेने सरकत जाते. फळीवाला या सरकत्या जागेच्या किंचित पुढे राहतो. तो किनाऱ्याकडे सरळ येत नाही, आडवा जातो. मिसळलेल्या लाटांचा इथे फायदाच होतो. दोन दिशांच्या लाटा जिथे एकमेकींना भेटतात तिथे एक टोकदार शिखर उठते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उतार मिळतो.

मोठ्या वादळात दांडा खोल पाण्याकडे ढकलला जातो आणि सरळ होतो. मग शांत आठवड्यांत तो हळूहळू किनाऱ्याकडे येतो, नागमोडी होतो. खडकावर फुटणारी लाट वर्षानुवर्षे एकाच जागी फुटते. वाळूवरची लाट गेल्या महिन्यात होती तिथे या महिन्यात असेलच असे नाही.

पाण्याखालचा दांडा पाहायचा कसा? ऑरेगन राज्य विद्यापीठातील रॉब होल्मन यांनी १९८० च्या दशकात एक सुरेख युक्ती काढली. उंचावरून किनाऱ्याची दहा मिनिटे छायाचित्रे घेत राहायची आणि त्या सर्वांची सरासरी काढून एकच चित्र बनवायचे. एकेक लाट त्यात पुसली जाते, परंतु जिथे वारंवार फेस होतो तो पट्टा पांढरा उमटतो. तोच दांडा! बार्सिलोनातील समुद्रविज्ञान संस्थेने २००१ पासून एका उंच इमारतीवर कॅमेरे बसवून शहराच्या पुळणींवर असाच अभ्यास केला. त्या चित्रांत पांढऱ्या पट्ट्याला मधे मधे खंड पडलेले दिसतात. तिकडे आपण वळू, कारण लेखातला सर्वांत गंभीर भाग तोच आहे. पण आधी लाट पकडू.

फुटणाऱ्या लाटेचा वेग खोलीवर ठरतो. १.६ मीटर पाण्यात तो सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी १४ किलोमीटरांच्या आसपास. हातांनी वल्हवून माणूस फळी नेईल ती फार तर याच्या निम्म्या वेगाने. उरलेला वेग गुरुत्वाकर्षण देते. लाटेचे तोंड पुरेसे उभे झाले, की फळी उतारावरून घसरू लागते. क्षणभर आधी उठाल तर लाट खालून निघून जाते. क्षणभर उशीर झाला तर ती अंगावर येते. आखूड आवर्तकालाची लाट झटकन उभी राहते आणि झटकन फुटते, त्यामुळे इथे हा क्षण फारच छोटा असतो.

शांत दिसणारी जागा

आता ते खंड. दांड्यावर लाटा फुटत राहतात आणि पाणी दांडा ओलांडून किनाऱ्याकडे ढकलत राहतात. त्यामुळे दांड्याच्या आतल्या बाजूला पाण्याची पातळी किंचित चढते. हे चढणे फुटणाऱ्या लाटांच्या रेट्यामुळे होते, याचे गणित लाँगेट-हिगिन्स आणि स्टुअर्ट या दोघांनी १९६० च्या दशकात मांडले. चढलेले पाणी परत जाणार कुठून? जिथे दांडा तुटला आहे तिथे पाणी खोल, लाट फुटत नाही, म्हणून पातळीही चढलेली नाही. दोन्ही बाजूंचे पाणी किनाऱ्याकडेने त्या खंडाकडे वाहते आणि तिथून एका अरुंद प्रवाहाने समुद्राकडे जाते. फ्रान्सिस शेपर्ड या अमेरिकन सागरशास्त्रज्ञाने १९३६ साली या प्रवाहाचे नाव पक्के करताना एक जुना गैरसमजही खोडून काढला. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही. तो बाहेर नेतो, पृष्ठभागावरूनच.

अनुभवी फळीवाला मुद्दाम याच प्रवाहात शिरतो. फुकटचा सरकता जिनाच तो! लाटांचा मार न खाता दांड्यापलीकडे पोहोचता येते.

आणि नवखा पोहणारा? तो पुळणीवर उभा राहून पाहतो. डावीकडे फेस, उजवीकडे फेस, मधे एक शांत पट्टा. त्याला वाटते, लाटा नाहीत ती जागा सुरक्षित, आणि तो नेमका तिथे उतरतो. अशा प्रवाहाचा वेग सेकंदाला अर्धा ते एक मीटर असतो, कधी दोन मीटरांच्या घरात जातो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झान्लेने १०० मीटर अंतर ४६.४० सेकंदांत कापून विश्वविक्रम केला. भागाकार करून पाहा. जगातला सर्वांत वेगवान पोहणारादेखील अशा जोरदार प्रवाहाविरुद्ध जागच्या जागीच राहील. माणूस बुडतो तो प्रवाहाच्या खेचीने नव्हे. किनाऱ्याकडे सरळ पोहण्याच्या हट्टाने दमतो, घाबरतो, आणि मग बुडतो.

सापडलाच तर काय करायचे, हेही वरच्या वर्णनातूनच निघते. प्रवाह अरुंद आहे, तर त्याच्याशी झुंजू नये. आधी पाठीवर तरंगावे, श्वास सांभाळावा, हात वर करून मदत मागावी. प्रवाहाचा जोर दांड्यापलीकडे ओसरतो. काही प्रवाह गोल फिरून पुन्हा उथळ पाण्याकडे येतात. अंगात त्राण असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत, जिथे लाटा फुटत आहेत त्या बाजूला जावे. तिथे पाणी उथळ असते, आणि लाटाच तुम्हांला किनाऱ्याकडे ढकलतात. ज्याला पोहता येत नाही त्याला यातले काहीच साधणार नाही. त्याने गुडघाभर पाण्यापुढे जाऊच नये. बुडणाऱ्याला वाचवायला साधनाशिवाय उडी घेणेही तितकेच धोक्याचे. दोरी, रबरी ट्यूब, रिकामा प्लास्टिकचा डबा, जे तरंगेल ते फेकावे. कोकणच्या पुळणींवरही हाच नियम चालतो, उलट तिथे ओहोटीची ओढ आणखी भर घालते. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी सहलीला आलेली माणसे बुडाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

तुमच्यासाठी अभ्यास

शिक्षकांबरोबर कोकणात गेलात तर पाण्यात न उतरता, उंच सुरक्षित जागेवरून हा प्रयोग करा. दूरच्या एखाद्या खडकावर किंवा बोयावर नजर ठेवा. पहिला माथा तिथे आला की घड्याळ सुरू करा, अकरावा आला की थांबवा. मिळालेल्या सेकंदांना दहाने भागा. हे सकाळी वारा पडलेला असताना करा आणि त्याच दिवशी दुपारी चारला, खारे वारे जोरात असताना, पुन्हा करा. (मार्च-एप्रिल महिना उत्तम. पावसाळ्यात नको.) दर वेळी समुद्राचे दहा मिनिटे निरीक्षण करून फेसाचा पट्टा कुठे आहे आणि त्याला खंड कुठे पडला आहे, याची आकृती वहीत काढा.

भूमध्य समुद्राला चारही बाजूंनी जमीन आहे. कोकणचा किनारा मात्र नैर्ऋत्येला आणि दक्षिणेला थेट हिंदी महासागराकडे उघडा आहे. समजा सकाळी तुमचे उत्तर १४ सेकंद आले आणि दुपारी ५ सेकंद. वरची सूत्रे वापरून दोन्ही लाटांची लांबी काढा, तांड्याचा वेग काढा, आणि सांगा पाहू, यांतली कोणती लाट बार्सेलोनेताच्या लाटेची बहीण शोभेल, आणि दुसरी कुठल्या वाऱ्याची लेक असेल?